काळ्या गाळातून आलेला जांभळा

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की घरोघरी जुन्या ट्रंका उघडतात. डांबरगोळ्यांच्या वासातून आजेसासूबाईंचं एखादं लुगडं बाहेर येतं. कुणाचं डाळिंबी, कुणाचं अंजिरी, कुणाचं वांगी रंगाचं. घडीवर थोडं विरलेलं, पण रंग कसा अजून तेजदार! मग एखादी काकू पदर हातात घेऊन ठामपणे सांगते की हा असला रंग आता मिळायचा नाही, हा झाडपाल्याचा अस्सल रंग आहे. दुसरी म्हणते, छे, हा तर विलायती पुडीचा. वाद रंगतो, चहा होतो, लुगडं पुन्हा घडी होऊन आत जातं. निकाल काही लागत नाही.

लागणार तरी कसा? डोळ्यांना लाल तो लाल आणि जांभळा तो जांभळा. पण १८५६ सालाआधी हा वाद झालाच नसता, कारण तोवर कपड्यांचे बहुतेक सगळे रंग झाडं, मुळं, किडे, शिंपले आणि माती यांपासूनच येत. वादाला जागा करून दिली ती लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या पोरानं. त्याचं नाव विल्यम हेन्री पर्किन. आणि गंमत म्हणजे ट्रंकेतली ती डांबरगोळी आणि पर्किनचा रंग या दोघांचं माहेर एकच. दगडी कोळशाचं डांबर!

सुताराचा धाकटा

विल्यमचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी लंडनच्या पूर्व भागात, शॅडवेल नावाच्या वस्तीत झाला. गोदीजवळचा हा भाग कष्टकऱ्यांचा. वडील जॉर्ज पर्किन सुतारकाम करता करता घरबांधणीच्या धंद्यात जम बसवलेले. सात भावंडांत विल्यम शेंडेफळ. पोरगा हुशार, चित्रं काढायचा, व्हायोलिन वाजवायचा. त्यानं मोठेपणी घरांचे आराखडे काढणारा वास्तुविशारद व्हावं असं वडिलांना वाटे. सुताराच्या मुलानं एक पायरी वर चढावं, एवढीच बापाची इच्छा.

पण एका मित्रानं त्याला स्फटिक तयार होताना दाखवले आणि पोराचं मन तिकडेच ओढलं गेलं. सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये रसायनशास्त्राचा तास वेळापत्रकात नव्हता. टॉमस हॉल नावाचे शिक्षक जेवणाच्या सुट्टीत हौशी मुलांसाठी तो घेत. त्याची फी वेगळी, सात शिलिंग. ती वडिलांनी भरली. विल्यम कितीदा तरी डबा न खाता त्या तासाला बसे. पुढे हॉल मास्तरांनीच वडिलांचं मन वळवलं आणि १८५३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये दाखल झाला.

तिथे प्रमुख होते जर्मनीहून आलेले प्राध्यापक ऑगस्ट हॉफमन. त्यांना कोळशाच्या डांबरात फार रस. त्या काळी लंडनचे रस्ते कोळशाच्या गॅसच्या दिव्यांनी उजळायचे. कोळशापासून गॅस काढला की खाली काळं, चिकट, घाण वासाचं डांबर उरे. ते कुठे टाकायचं हीच पंचाईत. हॉफमन मात्र त्या घाणीतून एकेक पदार्थ वेगळा करत होते. त्यातलाच एक म्हणजे अॅनिलिन. या नावाची गोष्ट ऐका. हा पदार्थ पहिल्यांदा मिळाला तो निळीपासून. निळीला पोर्तुगीज लोक ‘अनिल’ म्हणत आणि तो शब्द अरबांकडून फिरत फिरत गेलेला, मूळचा आपला ‘नील’. म्हणजे ज्या रसायनानं पुढे आपल्या निळीचा धंदा बसवला, त्याच्या नावातच नीळ होती.

औषध करायला गेला

त्या वेळी हिवतापावर एकच खात्रीचं औषध होतं, क्विनीन. ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून मिळे. महाग आणि तुटपुंजं. हिंदुस्थानात आणि इतर वसाहतींत इंग्रजांची माणसं तापानं दगावत होती. क्विनीन प्रयोगशाळेत करता आलं तर किती बरं, असं हॉफमन बोलून दाखवत. विद्यार्थ्यानं ते मनावर घेतलं.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्राध्यापक आपल्या देशी गेले होते. विल्यम घरीच, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मांडलेल्या साध्यासुध्या प्रयोगशाळेत काम करत होता. आधी एक पदार्थ घेऊन पाहिला, तर तांबूस गाळ निघाला. मग त्यानं अॅनिलिन घेऊन तोच प्रयोग केला. या वेळी भांड्याच्या तळाशी साठला निव्वळ काळा गाळ.

आपण काय केलं असतं? करपलेलं दूध मोरीत ओततो तसं ओतून टाकलं असतं. विल्यमनं तो गाळ वाळवला, धुतला आणि स्पिरिटमध्ये विरघळवून पाहिला. बाटलीत लखलखीत जांभळा रंग उतरला. त्यानं रेशमाची चिंधी त्यात बुडवली. चिंधी जांभळी झाली. साबणानं धुतली, रंग गेला नाही. उन्हात ठेवली, तरी टिकला.

आज आपल्याला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या काळी पक्का जांभळा ही श्रीमंतांची मिरास होती. प्राचीन काळी भूमध्य समुद्राकाठी हजारो शिंपले फोडावे तेव्हा एका वस्त्रापुरता जांभळा मिळे, म्हणून तो राजेरजवाड्यांचा. विल्यमच्या काळात काही जांभळे रंग दगडावर वाढणाऱ्या दगडफुलांपासून काढत. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचेच ते दूरचे भाऊबंद. दिसायला सुंदर, पण एरवी ते उन्हात लवकर विटत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विल्यमनं वापरलेलं अॅनिलिन शुद्ध नव्हतं. डांबरातून काढताना त्यात टोल्युडिन नावाचं भावंड मिसळून आलं होतं. शुद्ध अॅनिलिन असतं तर हा जांभळा निघालाच नसता. भेसळीनं रंग दिला!

बापाची पुंजी

विल्यमनं ही गोष्ट प्राध्यापकांना लगेच सांगितली नाही. मोठा भाऊ टॉमस आणि आर्थर चर्च नावाचा मित्र यांना घेऊन त्यानं बागेतल्या खोपटात थोडा जास्त रंग तयार केला. नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर या नावाजलेल्या रंगाऱ्यांकडे पाठवला. जूनमध्ये उत्तर आलं. रंगामुळे माल फार महाग होणार नसेल, तर बऱ्याच वर्षांत असा उपयोगी शोध लागलेला नाही, असा त्याचा आशय होता. मात्र सुती कापडावर रंग नीट बसत नाही हेही त्यांनी कळवलं.

२६ ऑगस्ट १८५६ ला विल्यमनं पेटंट घेतलं. वय वर्षं अठरा. मग धीर करून हॉफमनना सांगितलं की मी कॉलेज सोडतो आणि कारखाना काढतो. प्राध्यापक चांगलेच नाराज झाले. एवढा बुद्धीचा मुलगा शास्त्र सोडून दुकानदारी करणार, याचं त्यांना वाईट वाटलं. खुद्द विल्यमलाही भीती होती की पैशाच्या मागे लागून अभ्यास सुटेल.

या सगळ्यात मला मोठा वाटतो तो बाप. ज्यानं मुलासाठी वेगळंच स्वप्न पाहिलं होतं, त्या जॉर्ज पर्किननं आयुष्यभर साठवलेली बहुतेक सगळी पुंजी या एका काळ्या गाळावर लावली. टॉमस भावाच्या मदतीला आला. लंडनबाहेर ग्रीनफर्ड ग्रीन इथे कालव्याकाठी जागा घेतली आणि १८५७ मध्ये कारखाना उभा राहिला.

तिघांपैकी कुणालाही रासायनिक कारखाना कसा असतो ते ठाऊक नव्हतं. अॅनिलिन बाजारात पोत्यानं मिळत नव्हतं. ते करण्यापासून सुरुवात. डांबरातलं बेंझिन घ्यायचं, त्यावर तीव्र आम्लांची क्रिया करायची, मग लोखंडाच्या किसाबरोबर ते उतरवायचं. भांडी लोखंडाची, ओतीव, स्वतः आखून बनवून घेतलेली. कधी स्फोट होईल नेम नाही. एवढं करून जो काळा गाळ मिळे, त्यात कामाचा रंग जेमतेम शेकडा पाच भाग.

रंग तयार झाला, तरी रंगारी तो वापरतील कसे? रेशीम रंग पटकन पिऊन घेई आणि डाग पडत, म्हणून साबणाच्या पाण्यात रंगवायची रीत काढावी लागली. सुताला रंग धरेना, तेव्हा आधी तुरट पदार्थाच्या पाण्यात कापड बुडवण्याची युक्ती निघाली. आपल्याकडचे रंगारी पिढ्यान्‌पिढ्या सुती कापडाला आधी हिरड्याचं पाणी देत आले, ते याच तुरटपणासाठी. पर्किन स्वतः गावोगावच्या रंगशाळांत गेला, बाह्या वर करून रंगाऱ्यांबरोबर हौदाशी उभा राहिला आणि शिकवलं. शोध लावणं एका सुट्टीत झालं, तो लोकांच्या अंगावर चढवायला दीड-दोन वर्षं घाम गाळावा लागला.

जांभळी साथ

या रंगाला नाव पडलं ‘मॉव्ह’. आपल्या जास्वंदीच्याच कुळातल्या एका जांभळट फुलाचं हे फ्रेंच नाव. फ्रान्सची सम्राज्ञी युजीनी हिला हा रंग फार आवडे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया जानेवारी १८५८ मध्ये थोरल्या लेकीच्या लग्नात जांभळट मखमल नेसून मिरवली. मग काय विचारता! घेरदार झग्यांचा तो काळ. एकेका झग्याला ढीगभर कापड लागे, आणि बायकांना सगळं जांभळंच हवं. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं १८५९ मध्ये टर उडवली की लंडनला जांभळ्या गोवराची साथ आली आहे.

आता खरी गोम. राणीची ती मखमल पर्किनच्या रंगाची होती का? बऱ्याच ठिकाणी तसं छापलेलं वाचायला मिळतं. पण ग्रीनफर्डचा रंग रंगाऱ्यांच्या हाती पडायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती आणि त्याच सुमारास फ्रान्समधून दगडफुलांपासून केलेला नवा पक्का जांभळाही बाजारात आला होता. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणं कठीण. म्हणजे काकूंचा आणि मावशींचा ट्रंकेपुढचा वाद राणीच्या झग्यालाही चुकलेला नाही. जुना जांभळा कपडा पाहिला म्हणजे तो पर्किनचा, असं म्हणता येत नाही. धाग्यालाच विचारावं लागतं. कसं, ते पुढे येईलच.

१८५९ मध्ये पर्किननं जेमायमा लिसेट हिच्याशी लग्न केलं. एकवीस वर्षांचा कारखानदार, घरात पैसा, गावात नाव. विल्यम आणि आर्थर अशी दोन मुलं झाली. पण १८६२ मध्ये जेमायमा गेली. धाकटा आर्थर तेव्हा तान्हाच होता. ज्या वर्षांत जग त्याच्या रंगानं नटत होतं, त्याच वर्षांत त्याच्या घरावर हे दुःख कोसळलं. १८६६ मध्ये त्यानं अलेक्झांड्रीन मॉल्वो हिच्याशी दुसरं लग्न केलं. तिच्यापासून एक मुलगा आणि चार मुली झाल्या.

दरम्यान इतरही हुशार लोक जागे झाले होते. फ्रान्समधलं पर्किनचं पेटंट तारखेच्या घोळामुळे टिकलं नाही, तिथे कुणीही त्याचा रंग करू लागला. १८५९ मध्ये तिकडे मॅजेंटा निघाला, आपण ज्याला राणी कलर म्हणतो त्याच्या जवळचा. पुढे निळे, हिरवे, काळे, एकामागून एक आले. पर्किनचा जांभळा काही वर्षांतच जुना झाला. रंगांच्या या सुकाळाला काळी किनारही होती. मॅजेंटा करताना आर्सेनिक हे जहाल विष वापरत, आणि स्वित्झर्लंडमध्ये कारखान्याच्या सांडपाण्यानं विहिरी बाटून माणसं आजारी पडली. ग्रीनफर्डच्या कालव्याचं पाणीही म्हणे कारखान्यात त्या आठवड्यात जो रंग निघे त्या रंगाचं दिसे.

लाल रंगाची शर्यत

जांभळा ही चैन होती, पण लाल ही गरज. जगभर लाल रंग मिळे तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून. फ्रान्स, हॉलंड, तुर्कस्तानात त्याची मोठी शेती. आपल्याकडे मंजिष्ठा होती आणि आल होती. खानदेशात आणि वऱ्हाडात आलीचं पीक घेत. तीन-चार वर्षं जमिनीत वाढू द्यायचं आणि मग मुळं खणून काढायची. मुलीच्या लग्नासाठी पैसा बाजूला टाकावा तसं हे पीक.

या मुळांतला मुख्य लाल पदार्थ म्हणजे अलिझरिन. १८६८ मध्ये बर्लिनच्या ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी तोही डांबरातून करून दाखवला, पण त्यांची रीत फार खर्चाची होती. स्वस्त रीत शोधायची शर्यत लागली. पर्किनला ती सापडली आणि २६ जून १८६९ ला त्यानं अर्ज केला. जर्मन मंडळींनी आदल्याच दिवशी, २५ जूनला केला होता. एका दिवसाचं अंतर! शेवटी दोघांनी बाजार वाटून घेतला. १८६९ मध्ये पर्किननं एक टन अलिझरिन केलं, १८७१ मध्ये २२० टन आणि १८७३ मध्ये ४३५ टन.

हे आकडे म्हणजे नुसती भरभराट नव्हे. प्रत्येक टनामागे कुठल्या तरी शेतातली मुळं विकायची राहिली. फ्रान्समधल्या मंजिष्ठेच्या शेतकऱ्यांचा धंदा काही वर्षांत बसला. मुंबई बंदरात विलायती रंगांच्या पुड्या उतरू लागल्या आणि आपल्याकडची आलही हळूहळू शेतांतून दिसेनाशी झाली. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि बिहारमधल्या निळीचे भाव कोसळले. तिथल्या शेतकऱ्यांचे हाल आणि १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह आपण शाळेत शिकलोच आहोत. पर्किननं हे ठरवून केलं नाही. पण ग्रीनफर्डच्या भांड्यात जे शिजलं, त्याची झळ कुठवर पोचली ते सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जो रंग फक्त सरदारणींना परवडे, तो आता गिरणीतल्या बाईच्याही अंगावर आला. आपल्या पणज्यांना सणासुदीला रंगीत लुगडं घेता आलं, त्यात या पुड्यांचा वाटा मोठा आहे.

छत्तिसाव्या वर्षी निवृत्त

१८७४ मध्ये पर्किननं भरात असलेला कारखाना विकला आणि धंद्यातून अंग काढून घेतलं. वय फक्त छत्तीस. जर्मन कारखाने आता शेकड्यांनी रसायनतज्ज्ञ नेमून पुढे जाणार हे त्याला दिसत होतं. पण खरं कारण बहुधा वेगळं. तरुणपणी मनात घेतलेली ती भीती, की पैशापायी अभ्यास सुटेल, त्याला खोटी पाडायची होती. त्यानं राहत्या घराशेजारी प्रयोगशाळा केली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तो संशोधनातच रमला. कापलेल्या गवताचा गोड वास देणारं कुमारिन त्यानं आधीच, १८६८ मध्ये, डांबरातून केलं होतं. अत्तरांच्या धंद्यात कृत्रिम सुगंधाची ती सुरुवात. राहणी साधी, वृत्ती धार्मिक, जेवण शाकाहारी. संध्याकाळी घरात वाद्यं निघत आणि मुलंबाळं मिळून वाजवत.

१९०६ मध्ये त्याच्या शोधाला पन्नास वर्षं झाली. सरकारनं ‘सर’ किताब दिला. अमेरिकेत मोठी मेजवानी झाली, पाहुणे त्याच्या सन्मानार्थ जांभळट टाय बांधून आले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ रोजी, सर विल्यम पर्किन यांचं निधन झालं. वय ६९.

क्विनीन त्यांना कधीच करता आलं नाही. पण डांबरातून निघालेल्या मेथिलिन ब्लू या निळ्या रंगानं १८९१ मध्ये जर्मनीत हिवतापाचे रोगी बरे करून पाहिले. औषध शोधताना रंग सापडला होता, आता रंगातून औषध निघालं.

धाग्याची साक्ष

पर्किन यांची तिन्ही मुलं रसायनतज्ज्ञ झाली. त्यातला आर्थर, आई गेली तेव्हा जो तान्हा होता तो, लीड्स इथे प्राध्यापक झाला. त्यानं आयुष्यभर कशाचा अभ्यास केला असेल? झाडपाल्याच्या रंगांचा! बापानं ज्या रंगांना बाजारातून उठवलं, त्यांच्या पोटात नेमकं काय असतं हे लेकानं एकेक करून शोधून काढलं. प्राध्यापक हमेल यांच्याबरोबर त्यानं हिंदुस्थानातून आलेली मुळं, साली, फुलं तपासली. त्यात रंगपंचमीला आपण उकळतो ती पळसाची फुलंही होती. १९१८ मध्ये त्यानं एका सहकाऱ्यासह नैसर्गिक रंगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. झाडपाल्याचे रंग वापरातून जात असताना त्यांची जणू जन्मपत्रिकाच त्यानं मांडून ठेवली.

आज संग्रहालयांतले तज्ज्ञ जुना कपडा तपासतात, ते अशाच पत्रिका जुळवून. पद्धत समजायला सोपी आहे. शाळेत खडूच्या टोकाशी शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा करायचो, आठवतं? पाणी वर चढताना शाईतले रंग वेगवेगळे होत. तसंच इथे. कपड्याच्या शिवणीतून किंवा मागच्या बाजूनं दोन-तीन मिलिमीटर सुटलेला धागा घेतात. त्याचा रंग द्रावणात उतरवतात. ते द्रावण बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबानं ढकलतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि यंत्र त्याची ओळख टिपून घेतं.

युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळात अलिझरिन एकटं कधीच नसतं, परप्युरिनसारखी भावंडं सोबत असतात. धाग्यात नुसतं अलिझरिन सापडलं, तर तो बहुधा कारखान्यातला, म्हणजे १८६९ नंतरचा. आपल्या मंजिष्ठेत अलिझरिन अगदी थोडं आणि मंजिष्ठिन व परप्युरिन जास्त. आलीत मोरिंडोन. लाखेचा, कुसुंब्याचा, हळदीचा पदार्थ आणखी निराळा. निळीचं मात्र अवघड. झाडाची आणि कारखान्याची नीळ रेणूनं एकच, त्यामुळे सोबतच्या बारीकसारीक घटकांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

समजा, एखादा शेला पेशवाईतला म्हणून कुणी विकायला आणला आणि त्याच्या जांभळ्या धाग्यात पर्किनचा मॉव्ह सापडला. पेशवाई संपली १८१८ मध्ये आणि मॉव्ह आला १८५६ मध्ये. म्हणजे एक तर शेला नंतरचा, नाहीतर तो धागा मागाहून रफू केलेला. विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी धागा खोटं बोलत नाही.

खुद्द पर्किनच्या रंगालाही ही परीक्षा द्यावी लागली. त्याच्या जांभळ्याची रेणूरचना म्हणून पुस्तकांत जी आकृती छापली जाई, ती चुकीची असल्याचं १९९४ मध्ये सिद्ध झालं. तो निबंध छापून आला तेही पर्किनच्याच नावाच्या नियतकालिकात! मॉव्ह हा एक पदार्थ नसून जवळजवळच्या अनेक पदार्थांचं मिश्रण आहे. २००८ मध्ये पोर्तुगाल आणि इंग्लंडच्या संशोधकांनी संग्रहालयांतल्या जुन्या बाटल्या आणि कापडं तपासली, तेव्हा त्यांतली घटकांची प्रमाणं एकसारखी निघाली नाहीत. बाटलीवर मूळ रंग असं लिहिलेलं असलं म्हणून आतला ऐवज पहिल्या कृतीचाच असेल असं नाही, हे त्यातून कळलं. आणि ही ओळख पटते कशावरून? त्या अॅनिलिनमधल्या भेसळीवरून! तीच भेसळ कमीजास्त झाली की मिश्रणातली प्रमाणं बदलतात. ज्या अशुद्धतेनं रंग जन्माला घातला, तीच दीडशे वर्षांनी त्याची साक्ष देते आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ट्रंक उघडाल तेव्हा रंगावरून भांडा खुशाल, पण दोन गोष्टी करा. एक, झाडपाल्याचा म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला, तर बोट चोळून किंवा पाण्यात बुडवून खात्री करायला जाऊ नका. कच्चा-पक्का तेवढा कळेल, झाडाचा की कारखान्याचा ते नाही कळणार. आणि कारखान्याचा म्हणून टाकाऊ असंही नाही. दोन, जुनं लुगडं साबणात बुडवू नका, कडक उन्हात टाकू नका. धुवून मऊ केलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. पदराचा सुटलेला धागा ओढून फेकू नका, कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर लिहा, कुणाचं लुगडं, कुठल्या गावचं, कुणाच्या लग्नातलं.

पर्किननं मोरीत ओतायचा गाळ ओतला नाही, म्हणून त्याला रंग दिसला. आपल्या पणजीनं काय नेसलं, कुठल्या रंगाऱ्यानं ते रंगवलं, आलीच्या मुळानं की मुंबईला उतरलेल्या पुडीनं, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. ते त्या धाग्यातच आहे.